घटस्थापनेपासून सुरू

विम्याच्या फॉर्मवर एक चौकोन असतो: कव्हर सुरू कधीपासून? समोरचा माणूस विचार करायला लागायच्या आत मी सांगून टाकते, आजपासून. लोक हसतात. "अगं, किती घाई! पहिल्या तारखेपासून करू की." मी म्हणते, आजपासून, नाहीतर दुसरा एजंट बघा. नवरा म्हणतो, अशानं गिऱ्हाइकं पळतील. पळू देत. मला त्या चौकोनाची भीती वाटते, आणि ती का वाटते हे मी गिऱ्हाइकांना सांगत बसत नाही.

सात वर्षं मी सिडनीतल्या एका हेल्थ फंडात, म्हणजे आरोग्यविम्याच्या कंपनीत, फोनवर होते. स्टुडंट म्हणून आले, कायम राहायची पीआर मिळाली, आणि कानाला हेडसेट लागला तो लागलाच. इथे सरकारी मेडिकेअर असतं, पण ते इथल्या लोकांना. मुलाकडे राहायला आलेल्या आपल्या आईवडिलांना ते मिळत नाही. त्यांना खाजगी कव्हर घ्यावं लागतं, आणि त्या कव्हरमध्ये एक मेख असते. दुखणं आधीपासूनचं असेल तर त्याच्यासाठी बारा महिने थांबायचं. याला म्हणतात वेटिंग पीरियड. आपली माणसं नेमकी गळ्याशी आल्यावर फोन करणार: बाबांना ॲडमिट केलंय, आज कव्हर घेतलं तर चालेल ना? मग मी म्हणायचं, 'अनफॉर्च्युनेटली'. हा शब्द मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की माझी लेक चार वर्षांची असताना ताटातली भेंडी बाजूला सारून म्हणाली, "अनफॉर्च्युनेटली, आई, आय कान्ट."

शेवटी मला त्या शब्दाचा वीट आला. एका फंडाच्या खुर्चीत बसलं की त्याच फंडाचे गोडवे गायचे. समोरच्याला दुसरं कव्हर बरं पडेल हे ढळढळीत दिसत असलं तरी तोंड बंद. मला वाटायचं, लोकांकडे आपण आधी जावं, ते आजारी पडायच्या आधी, त्यांना मराठीत नीट समजवावं आणि जे खरंच बरं ते द्यावं. म्हणून नोकरी सोडली आणि चार फंडांची कव्हरं विकणारी स्वतंत्र एजंट झाले. नवरा म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी." आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "विमा एजंट? अगं बाई, आपल्याकडे विम्यावाला आला की लोक दिवे मालवून गप बसतात." लेकीनं विचारलं, "आई, आर यू लाइक अ सेल्सपर्सन नाऊ?" तिघांनाही मी फणकाऱ्यानं काहीतरी बोलले, कारण तिघांचंही मला पटत होतं.

पेंडल हिल स्टेशनजवळच्या इंडियन दुकानातल्या नोटिसबोर्डावर, 'घरगुती डबा मिळेल' आणि 'शाकाहारी मुलीसाठी रूम' यांच्या मधे मी माझं कार्ड टोचलं. पहिले तीन महिने कोणी ढुंकून बघितलं नाही. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. फोन वाजला की झडप घालायचे, आणि निघायचं कोण, तर डब्याची चौकशी करणारा, चुकून शेजारचा नंबर लावलेला. एकाला तर मी मेनूही सांगून टाकला, इतका कंटाळा आला होता.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे माझा युनिव्हर्सिटीतला मित्र. केलीव्हिलला त्यानं नवीन घर घेतलं होतं. वडील गेल्यावर आईला तो इकडे घेऊन आला होता, पाच वर्षांच्या व्हिसावर. त्या व्हिसापुरतं म्हणून त्यानं सगळ्यात स्वस्त कव्हर घेतलेलं, आणि त्यात हृदयाचं काहीच नव्हतं. काकूंना जिना चढताना धाप लागते हे मी त्याच्या वास्तुशांतीला पाहिलं होतं. अर्ध्या जिन्यात थांबून त्या भिंतीवरचे फोटो बघत असल्याचं दाखवायच्या. मी त्याला फोन करून म्हणाले, "मोठं कव्हर घे. त्याचे बारा महिने मोजायला सुरुवात तरी होऊ दे." तो म्हणाला, "ये मग घरी, करून टाकू."

मी गेले तो दिवस नेमका काकांच्या श्राद्धाचा निघाला, पितृपंधरवड्यातली तृतीया. काकूंनी खीर, वडे, आमसुलाची चटणी असं सगळं केलं होतं आणि मागच्या अंगणात कुंपणापाशी पान ठेवलं होतं. कावळा काही आला नाही. एक मॅगपाय आला, त्यानं वडा उचलला आणि गेला. काकू म्हणाल्या, "चालायचंच. ह्यांना तरी कुठे धीर होता, मिळेल त्याच्या तोंडानं जेवले." मी हसले, पण त्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. विम्यावाली आली की बघतात तशा बघत होत्या.

मित्र टेबलावर क्रेडिट कार्ड काढूनच बसला होता. "आजच करून टाक, दोन मिनिटांचं काम. साडेतीनला माझी मीटिंग आहे." मी फॉर्म उघडला. त्या चौकोनावर आले. काकू समोरच्या खुर्चीत हातावर हात ठेवून गप्प बसल्या होत्या. त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. मलाच त्यांना आपलंसं करायचं होतं. पहिलं गिऱ्हाईक, त्यात म्हातारं माणूस खूश झालं तर चार जणांना सांगेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "अरे, आज काकांचं श्राद्ध. पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करतात का? घटस्थापनेपासून घालते तारीख. तेरा दिवसांनी काय बिघडतंय?"

काकूंचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "बघ, पोरीला किती जाण आहे," त्या मुलाला म्हणाल्या. त्यानं खांदे उडवले. "नो वरीज, तुम्ही दोघी ठरवा." निघताना काकूंनी मला डबा भरून खीर दिली. गाडीत बसल्यावर मी स्वतःची पाठ थोपटली. वेटिंग पीरियड मला तोंडपाठ होता, सात वर्षं मी तोच लोकांना ऐकवला होता, आणि तरीही तेरा दिवसांचा हिशोब माझ्या मनाला शिवला नाही.

त्या एका वाक्यावर माझा धंदा उभा राहिला. काकूंनी महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या ज्येष्ठांना सांगितलं, एक मुलगी आहे, विमा विकते, पण तिथी-वार पाळते हो. फोन यायला लागले. आजही माझी अर्धी गिऱ्हाइकं काकूंच्या ओळखीतली आहेत. मीही शेफारले. भिंतीवर मराठी कॅलेंडर लावलं, लोकांना आपणहून विचारायला लागले, दिवस बघायचाय का? नवरा म्हणाला, "आता पूजाही सांग, दक्षिणा वेगळी." मी म्हणाले, जळतोस का?

पुढच्या वर्षी घटस्थापना अकरा दिवस लवकर आली. तिथीचं असंच असतं, ती इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. त्या आठवड्यात काकूंच्या छातीत कळा यायला लागल्या होत्या, तपासण्या झाल्या होत्या, आणि घटस्थापनेच्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं: "तीन नळ्या बंद आहेत, बायपास करायला हवी. औषधांवर थोडे दिवस निघतीलही, पण माझी आई असती तर मी थांबलो नसतो." मित्रानं तिथूनच मला फोन केला. "बारा महिने झाले ना गं?" मागून काकूंचा आवाज आला, "झाले की. गेल्या घटस्थापनेला सुरू केलं, आज घटस्थापना. वर्ष भरलं."

मी फॉर्म उघडून तारीख बघितली. "काकू, तिथीनं भरलं," मी म्हणाले. "फंड तारखेनं मोजतो. अजून अकरा दिवस आहेत." मग मी दुसरा हिशोब केला, तो त्यांना सांगितला नाही. श्राद्धाच्या दिवशीच तारीख घातली असती तर वर्ष दोन दिवसांपूर्वीच पुरं झालं असतं.

कव्हर माझ्याच जुन्या फंडाचं होतं. मी तिथे फोन केले, जुन्या ओळखी काढल्या, गयावया केली. फंडाच्या डॉक्टरनं काकूंचे इंडियातले जुने कागद पाहिले. त्यात धाप लागत असल्याचं लिहिलं होतं, म्हणजे दुखणं आधीपासूनचं. माझ्याच शेजारी सात वर्षं बसलेला माणूस मला फोनवर म्हणाला, "सॉरी मेट, डेट इज डेट." त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. वर 'अनफॉर्च्युनेटली' लावलं असतं.

संध्याकाळी केलीव्हिलला गेले. काकूंचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं होतं, जिना बंद. कोपऱ्यात घट बसवलेला, परातीत माती, त्यात सकाळीच पेरलेले गहू. मित्र आईसमोर गुडघ्यावर बसून विनवत होता. "आई, मी भरतो ना पैसे. घरावर कर्ज काढतो. उद्याच ऑपरेशन करू." काकू म्हणाल्या, "मी सही करणार नाही. अकरा दिवसांसाठी डोक्यावरचं छप्पर गहाण टाकणार? गोळ्या आहेत, जिभेखाली मारायचा तो फवारा आहे. अकरा दिवस काय, असे जातील." तो विनवत राहिला, त्या मान हलवत राहिल्या. मग तो एकदम उसळला.

"हे सगळं तुझ्या त्या पितृपंधरवड्याच्या खुळापायी झालंय, आई! मी त्याच दिवशी करत होतो. कार्ड काढून बसलो होतो मी! तुलाच हवी होती घटस्थापना!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवत होतं. वर्षभर काकूंनी ती गोष्ट इतक्या कौतुकानं सांगितली होती की मुहूर्ताचा हट्ट सांगता सांगता त्यांचाच होऊन बसला. आणि म्हातारी आई आणि लॅपटॉपवाली एजंट, यांत मुहूर्त कोणी काढला असेल, हे कोणीही डोळे मिटून सांगेल. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तोंड उघडलं. काकूंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. एवढंच नाही, मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कारण हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. याची मला आजही शरम वाटते.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? त्यानं तक्रार केली तर? लोकांना कळलं तर कोण येईल तुझ्याकडे? गप्प बस. अकरा दिवस जातील, ऑपरेशन होईल, मग कोणाला आठवतंय." मी त्याच्यावर भयंकर चिडले, भांडी आपटली, जेवले नाही. तो जे बोलला ते मी गाडीत येताना शब्दाशब्दानं स्वतःशी बोलले होते.

मग मी रोज आर्व्होला, म्हणजे दुपारी, काकूंकडे जायला लागले. मुलगा-सून कामावर असायचे. मी चहा करायचे, औषधं बघायचे, घटाला पाणी घालायचे. त्या मला गिऱ्हाइकांच्या चौकशा करायच्या, आता कोण आलं, कोणाला काय विकलंस. माझ्या जिवाला घोर लागला होता. त्या उशीवर डोकं टेकून डोळे मिटायच्या तेव्हा मी त्यांच्या पदराची हालचाल बघत बसायचे.

पाचव्या दिवशी गव्हाचे अंकुर बोटभर वर आले होते. काकू पलंगावर बसून वाती वळत होत्या. मला राहवेना. "काकू, घटस्थापना मी म्हणाले होते. तुम्ही नाही."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. हात चालूच. "म्हातारी झालेय, खुळी नाही."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? आईवर चिडतो आणि तासाभरानं पाय चेपायला येतो. तुझ्यावर चिडला असता तर चार घरी बोलला असता. तुझा धंदा नवीन. बाई एकटीनं उभी राहायला बघतेय, तिच्या पायात पाय कशाला घालू?"

मला रडू फुटलं. त्या वैतागल्या. "रडू नको बाई, मला धाप लागते." मी नाक पुसलं. मग त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तू तसं म्हणालीस ना, तेव्हा इतकं बरं वाटलं मला. ह्यांचं श्राद्ध त्या घरात माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हतं. पोरगा कार्ड काढून बसलेला. म्हणून मीही गप्प बसले. आज कर म्हणाले असते तर तू ऐकलं नसतंस का?" मी म्हणाले, ऐकलं असतं. "मग झालं तर. निम्मं तुझं, निम्मं माझं. आता माझी शपथ आहे, त्याला काही बोलायचं नाही. ऑपरेशन होऊ दे, मग मीच सांगेन त्याला, हसत हसत."

त्या हसत हसत सांगतील यावर मी विश्वास ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

अष्टमीला सकाळी घटाला पाणी घालताना काकू खाली बसल्या त्या उठल्या नाहीत. फवारा मारला, ॲम्ब्युलन्स आली, सरकारी इस्पितळात नेलं. तिथे कोणी कव्हर विचारत बसलं नाही, माणसं धावली, जिवाचं रान केलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. तेव्हा अकरातले तीन दिवस उरले होते.

तेरावा झाल्यानंतर मित्राचा फोन आला. "आईचं कव्हर बंद करायचंय. फॉर्म घेऊन ये." तेच टेबल, तीच खुर्ची, काकूंची रिकामी. सुतकात घट कोणी उचललाच नव्हता. परातीतले अंकुर वीतभर वाढून पिवळे पडले होते. तो मान खाली घालून फॉर्म भरत होता, एकेक रकाना, शाळेतल्या पोरासारखा सावकाश. शेवटच्या चौकोनापाशी थांबला.

"एका मुहूर्तापायी गेली गं. केवढा तो हट्ट. मी ओरडलो तिच्यावर, पण तूच सांग, मी काय चुकीचं बोललो?"

तो उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिला. आईचा हट्ट, एवढ्या एका शब्दावर तो कसाबसा उभा होता. तो काढून घेतला तर त्याच्याकडे राहणार काय? निर्दोष आईवर ओरडलेला मुलगा. शिवाय शपथ होती. आणि धंदा माझ्या मनात आला नाही असं म्हटलं तर मी खोटारडी ठरेन. त्या क्षणीही आला. पण मग काकू कायमच्या खुळ्या ठरणार होत्या, माझ्यामुळे, त्यांच्याच घरात, आणि 'हसत हसत सांगेन' म्हणणारं माणूस आता नव्हतं.

"काकू काहीच बोलल्या नव्हत्या," मी म्हणाले. "घटस्थापना मी काढली. मला त्यांना खूश करायचं होतं."

तो ओरडेल, हाकलून देईल, फॉर्म फाडेल, अशी तयारी करून मी बसले होते. त्यानं पेन खाली ठेवलं. घटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मग मी ओरडत होतो तेव्हा ती बोलली का नाही?"

"माझा धंदा नवीन होता म्हणून," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटून घेतले. मी निघायला पर्स उचलली. मग त्यानं फॉर्म आणि पेन माझ्याकडे सरकवलं. सगळे रकाने भरले होते, एक चौकोन तेवढा रिकामा होता. कव्हर बंद कधीपासून.

"तारीख तू घाल," तो म्हणाला. "तिथी मी लक्षात ठेवीन."

मी तारीख घातली.